मुंबईची लाईट गेली, सर्व्हरमध्ये मालवेअर सापडलं, पण या दोन गोष्टींचा संबंध कुणी सिद्ध केला का? १२ ऑक्टोबर २०२० चं प्रकरण

१२ ऑक्टोबर २०२०, सोमवार. सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबई एकदम अंधारात. लोकल जिथल्या तिथे थांबल्या, आणि त्या काळात लोकल फक्त अत्यावश्यक सेवेतल्या लोकांसाठीच चालू होत्या, म्हणजे रुळांवर उतरून चालत गेले ते बरेचसे हॉस्पिटलमधले कर्मचारी, सफाई कामगार, बँकेतली माणसं असेच. कोविड जोरात होता, हॉस्पिटलं जनरेटरवर गेली, विद्यापीठाचे त्या दिवशीचे ऑनलाईन पेपर पुढे ढकलले. काही भागात दोन-तीन तासात लाईट आली, काही उपनगरांत रात्र झाली.

साडेचार महिन्यांनी, २८ फेब्रुवारी २०२१ ला, न्यूयॉर्क टाइम्समध्ये बातमी आली की चीनशी संबंधित हॅकर्स भारताच्या वीजयंत्रणेत शिरलेत आणि मुंबईचा अंधार हा कदाचित चीनचा इशारा असावा. दुसऱ्याच दिवशी राज्याच्या गृहमंत्र्यांची पत्रकार परिषद, त्याच्या पुढच्या दिवशी केंद्रीय ऊर्जामंत्र्यांचं नेमकं उलट उत्तर. तेव्हापासून हे प्रकरण व्हॉट्सअ‍ॅपवर 'चीनने मुंबई बंद पाडली' या एका वाक्यात फिरतंय, आणि दुसऱ्या बाजूला 'काही नव्हतं हो, मेंटेनन्सचा घोळ होता' असं म्हणणारेही तेवढेच आहेत. मला वाटतं दोन्ही बाजू एका वेगळ्याच चुकीत अडकल्यात, इथे प्रश्न दोन होते आणि सगळ्यांनी मिळून त्याचा एक केला. पहिला प्रश्न, वीजयंत्रणेत कोणी शिरलं होतं का? दुसरा, त्या दिवशी लाईट त्यांच्यामुळे गेली का? दोन्हींची उत्तरं वेगळी आहेत, दोन्हींचे पुरावेही वेगळे आहेत.

आधी लाईटचं बघू, कारण ते लोक सोडूनच देतात.

मुंबईला लागणारी वीज मुंबईत पूर्ण तयार होत नाही. टाटांचं ट्रॉम्बे आहे, अदानींचं डहाणू आहे, टाटांचे भिरा-भिवपुरी-खोपोलीचे जलविद्युत प्रकल्प आहेत, आणि बाकीची वीज महापारेषणच्या (राज्याची वीज वाहून नेणारी सरकारी कंपनी) कळवा, खारघर अशा मोठ्या उपकेंद्रांतून आत येते. राज्याचे तेव्हाचे ऊर्जामंत्री नितीन राऊत यांनी त्याच दिवशी सांगितलं होतं की ४०० केव्ही कळवा-पडघा इथे सर्किट एकचं मेंटेनन्स चालू होतं म्हणून सगळा लोड सर्किट दोनवर टाकला होता आणि दोनमध्ये तांत्रिक बिघाड झाला. टाटा पॉवरने सांगितलं की कळवा आणि खारघर ही दोन्ही उपकेंद्रं १० वाजून १० मिनिटांच्या सुमारास एकाच वेळी ट्रिप झाली, म्हणजे आपोआप बंद पडली, आणि मुंबईच्या सिस्टिमची फ्रिक्वेन्सी धाडकन खाली आली. आपली फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झ असते, लोड जास्त आणि निर्मिती कमी झाली की ती पडायला लागते, एका मर्यादेच्या खाली गेली की जनरेटर स्वतःला वाचवण्यासाठी आपणहून बाजूला होतात, आणि ते बाजूला झाले की उरलेल्यांवर अजून भार. हे सगळं काही सेकंदांत होतं, माणसाला फोन उचलायलाही वेळ मिळत नाही.

आता मुंबईकडे यासाठी एक खास व्यवस्था आहे, आयलँडिंग. १९८० च्या दशकापासूनची. बाहेरच्या ग्रिडवर गडबड झाली की मुंबई स्वतःला तोडून घेते आणि आतल्या वीजकेंद्रांवर निदान रेल्वे, हॉस्पिटल, पाणीपुरवठा चालू राहतो. मुंबईकर अभिमानाने सांगायचे की अख्ख्या महाराष्ट्रात लाईट गेली तरी आमच्याकडे जात नाही, ते या व्यवस्थेमुळे. पण ती चालायला त्या क्षणी आत पुरेशी निर्मिती चालू असावी लागते. स्वस्त वीज बाहेरून मिळत असेल तर आतले महागडे युनिट कोण कशाला चालवेल, ट्रॉम्बेचा एक युनिट त्या काळात आर्थिक कारणाने बंदच ठेवलेला होता. डहाणू तगलं, त्यातून पश्चिम उपनगरांतल्या अत्यावश्यक सेवांना काही वीज मिळत राहिली, पण बाकी शहर वाचलं नाही.

म्हणजे एकही हॅकर न आणता हा अंधार समजावून सांगता येतो. मेंटेनन्स, उरलेल्या लाईनवर भार, मग एकामागोमाग ट्रिपिंग, मग अपुरी आतली निर्मिती. आणि असं भारतात याआधी याहून खूप मोठ्या प्रमाणावर झालंय, ३० आणि ३१ जुलै २०१२ ला बिना-ग्वाल्हेर ही ४०० केव्ही लाईन ट्रिप होण्यापासून सुरुवात झाली आणि दुसऱ्या दिवशी उत्तर, पूर्व आणि ईशान्य ग्रिड बसलं, ६० कोटींहून जास्त लोकांच्या भागात वीज नव्हती. त्यात हॅकर नव्हते. गुप्तवार्ता विश्लेषण करणारा माणूस पहिलं हेच विचारतो की अशी घटना एरवी कशामुळे घडते, आणि ग्रिड बसण्याचं नेहमीचं कारण ओव्हरलोड आणि प्रोटेक्शनचा, म्हणजे बिघाड झाला की लाईन आपोआप तोडणाऱ्या यंत्रणेचा, गोंधळ हेच असतं.

आता दुसरी बाजू, आणि ती हलकी नाहीये.

अमेरिकेतली रेकॉर्डेड फ्युचर नावाची कंपनी, तिचा संशोधन विभाग इन्सिक्ट ग्रुप. त्यांना २०२० च्या मध्यापासून दिसायला लागलं की भारतातल्या वीज क्षेत्रातल्या काही आयपी अ‍ॅड्रेसवरून काही ठराविक सर्व्हरशी सातत्याने बोलणं चालू आहे, आणि ते सर्व्हर शॅडोपॅड नावाच्या मालवेअरचे कंट्रोल सर्व्हर आहेत, म्हणजे जिथून त्या मालवेअरला हुकूम जातात ते. या सर्व्हरच्या गटाला त्यांनी अ‍ॅक्सिओमॅटिकअसिम्प्टोट असं नाव दिलं आणि वापरणाऱ्या गटाला रेडइको. एकूण २१ आयपी अ‍ॅड्रेस, १२ संस्था. त्यातल्या १० वीज क्षेत्रातल्या, आणि देशातल्या पाच रिजनल लोड डिस्पॅच सेंटरपैकी चार त्यात होती. उरलेली दोन बंदरं होती, एक मुंबई पोर्ट ट्रस्ट, दुसरं तुतिकोरीनचं व्ही. ओ. चिदंबरनार.

लोड डिस्पॅच सेंटर म्हणजे काय हे कळलं नाही तर याचं गांभीर्य कळत नाही. तिथे वीज तयार होत नाही, तिथे बसून देशाच्या एका मोठ्या भागात कुठल्या केंद्राने किती वीज द्यायची, कुठल्या लाईनवर किती भार आहे हे चोवीस तास बघतात आणि सूचना देतात. पश्चिम विभागाचं सेंटर मुंबईतच आहे, राज्याचं ऐरोलीला. इथून चोरण्यासारखं पैशाचं काही नाही. ग्राहकांचे क्रेडिट कार्ड नंबर नाहीत, औषधाचा फॉर्म्युला नाही. मग इथे येऊन महिनोन् महिने बसायचं कशासाठी? ग्रिड कसं चालतं ते शिकायचं, आणि कधी वेळ आली तर हाताशी ठेवायचं. रेडइकोच्या अहवालातला मला सगळ्यात जास्त काळजीचा वाटलेला मुद्दा हा होता, मुंबईचा नाही.

पण अहवालाची मर्यादाही तितकीच स्पष्ट होती. ही कंपनी बाहेरून बघत होती, कोणता अ‍ॅड्रेस कोणाशी बोलतोय एवढं दिसत होतं, भारतीय सर्व्हरच्या आत जाऊन कोड बघायची सोय त्यांना नव्हती. न्यूयॉर्क टाइम्सच्या बातमीतही हे लिहिलेलं होतं, आणि हेही की यातलं बहुतेक मालवेअर कधी चालूच केलं गेलं नाही. खुद्द अहवालात मुंबईच्या अंधाराबद्दल काय होतं? की भारतीय माध्यमांत आलेला लोड डिस्पॅच सेंटरमधल्या मालवेअरचा आणि अंधाराचा संबंध अजून सिद्ध झालेला नाही. ज्यांनी शोधलं त्यांनीच असं लिहिलंय. मथळ्यापर्यंत पोचताना हे वाक्य गळलं.

१ मार्च २०२१ ला तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी महाराष्ट्र सायबरच्या, म्हणजे राज्याच्या सायबर पोलिसांच्या, प्राथमिक अहवालाचा हवाला दिला. १४ ट्रोजन हॉर्स (साध्या प्रोग्रॅमच्या वेषात शिरणारं मालवेअर) एमएसईबीच्या सर्व्हरमध्ये घातले गेले असावेत, ८ जीबी हिशेब न लागणारा डेटा परदेशी सर्व्हरवरून इकडे आला असावा, ब्लॅकलिस्टेड आयपीवरून लॉगिनचे प्रयत्न झाले. ऐकायला भयंकर, आणि आहेही. पण विश्लेषक म्हणून विचार केला तर यातून लगेच चार प्रश्न उभे राहतात. हे ट्रोजन कुठल्या मशीनवर होते, ऑफिसच्या ईमेल-पगारपत्रकाच्या कॉम्प्युटरवर की ब्रेकर, म्हणजे लाईन जोडणारे-तोडणारे मोठे स्विच, दुरून उघडझाप करणाऱ्या स्काडा यंत्रणेवर? कधीपासून होते? १२ तारखेला दहा वाजता त्यांनी काही केलं का? आणि हे ट्रोजन आणि रेडइकोचं शॅडोपॅड एकच की दोन वेगळ्या गोष्टी? त्या पत्रकार परिषदेत सांगितलेल्या आकड्यांतून यातल्या एकाचंही उत्तर मिळत नाही. एखाद्या मोठ्या सरकारी कंपनीच्या नेटवर्कवर नीट शोधलं तर काही ना काही मालवेअर सापडतंच, त्यामुळे सापडलं हे महत्त्वाचं असलं तरी पुरेसं नाही.

२ मार्चला तेव्हाचे केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंग म्हणाले की दोन पथकांनी चौकशी केली, अंधार मानवी चुकीमुळे होता. त्यातल्या एका पथकाने सायबर हल्ला झाल्याचं मान्य केलं पण त्याचा ग्रिड बसण्याशी संबंध नाही असं सांगितलं. उत्तर आणि दक्षिण विभागाच्या लोड डिस्पॅच सेंटरवर हल्ले झाले होते पण मालवेअर ऑपरेटिंग सिस्टिमपर्यंत पोचलं नाही. चीनने अर्थातच सगळं नाकारलं.

यात ऊर्जा मंत्रालयाच्या पत्रकातल्या दोन तारखा बघा, त्या कोणी फारशा लक्षात घेतल्या नाहीत. सर्ट-इनचा, म्हणजे केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेचा, ईमेल १९ नोव्हेंबर २०२० चा, काही कंट्रोल सेंटरमध्ये शॅडोपॅडचा धोका आहे म्हणून. आणि एनसीआयआयपीसीचा, म्हणजे वीज-बँकांसारख्या महत्त्वाच्या यंत्रणांची सायबर सुरक्षा बघणाऱ्या केंद्रीय संस्थेचा, ईमेल १२ फेब्रुवारी २०२१ चा, रेडइकोचं नाव घेऊन. म्हणजे न्यूयॉर्क टाइम्सच्या तीन महिने आधी आपल्या यंत्रणेला शॅडोपॅड माहीत होतं. डेटा चोरीला गेला नाही, अ‍ॅड्रेस ब्लॉक केले, असं मंत्रालयाचं म्हणणं. चांगली गोष्ट आहे, पण नागरिकाला हे कळायला परदेशी वर्तमानपत्राची बातमी यावी लागली. २०१९ ला कुडनकुलमच्या अणुवीज प्रकल्पाच्या वेळीही असंच झालं होतं, आधी शक्यच नाही असं पत्रक, मग दुसऱ्या दिवशी हो, प्रशासकीय नेटवर्कमधल्या कॉम्प्युटरवर मालवेअर होतं. अशाने पुढच्या वेळी सरकार खरं सांगत असलं तरी लोक विश्वास ठेवत नाहीत, आणि मुंबईच्या बाबतीत बहुतेक तेच झालं.

आता मुख्य अडचणीकडे येतो, टायमिंग. गलवान १५ जून २०२०, आपले २० जवान शहीद. वीज क्षेत्रातल्या हालचाली २०२० च्या मध्यापासून. ऑक्टोबरमध्ये मुंबई. हे तीन ठिपके समोर ठेवले की रेघ आपोआप ओढली जाते, माणसाचं डोकंच तसं चालतं. पण कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच वेळ, असंही होतंच की. यावर विश्लेषणाच्या कामात एक साधी शिस्त आहे, सगळ्या शक्यता आधी मांडायच्या आणि मग प्रत्येक पुरावा प्रत्येक शक्यतेला लावून बघायचा. शक्यता अ, निव्वळ तांत्रिक बिघाड आणि घुसखोरी नाहीच. शक्यता ब, घुसखोरी होती पण अंधाराशी संबंध नाही. शक्यता क, घुसखोरांनी मुद्दाम लाईट घालवली. शक्यता ड, मुद्दाम नाही पण त्यांच्या वावरामुळे यंत्रणा बिघडली. आता सीमेवरचा तणाव हा पुरावा घ्या, तो ब ला पण बसतो आणि क ला पण, कारण तणाव असला की शत्रू हेरगिरी वाढवणारच, लाईट घालवो न घालवो. शॅडोपॅड सापडलं, ते ब, क, ड तिघांनाही बसतं. जो पुरावा सगळ्या शक्यतांना सारखाच बसतो त्याने निवड होत नाही, तो कितीही सनसनाटी असला तरी. मालवेअर सापडल्याने फक्त अ बाद होते. ब आणि क मध्ये निवड करायची तर क असती तरच दिसलं असतं असं काहीतरी लागतं.

ते काय असतं हे आपल्याला युक्रेनमुळे माहितीये. २३ डिसेंबर २०१५, तीन वीज वितरण कंपन्या, सुमारे सव्वादोन लाख ग्राहक. तिथे कंट्रोल रूममधल्या ऑपरेटरने स्वतःच्या डोळ्यांनी माऊसचा कर्सर आपोआप फिरताना आणि ब्रेकर एकेक करून उघडताना बघितला. हॅकर काही महिने आधी ईमेलमधल्या फाईलमधून शिरले होते, व्हीपीएनचे पासवर्ड मिळवले, त्या दिवशी ब्रेकर उघडले, उपकेंद्रांतल्या कम्युनिकेशन उपकरणांचं फर्मवेअर, म्हणजे आतलं मूळ सॉफ्टवेअर, बिघडवलं म्हणजे दुरून परत जोडता येऊ नये, कॉम्प्युटर पुसून टाकले आणि वर ग्राहकांचे फोन लागू नयेत म्हणून कॉल सेंटरवर खोट्या कॉलचा मारा केला. कर्मचाऱ्यांना उपकेंद्रांवर गाड्या काढून जावं लागलं, हाताने ब्रेकर बंद करावे लागले. असं काही कळव्याला, खारघरला, ऐरोलीला झाल्याचं जाहीर माहितीत कुठेही नाही. कोणीही न दिलेल्या कमांडने ब्रेकर उघडल्याची नोंद, पुसलेली मशीन, बिघडवलेली रिले सेटिंग (रिले म्हणजे बिघाड ओळखून ब्रेकर उघडायला लावणारं उपकरण), यातलं एक जरी समोर आलं असतं तर माझं मत बदललं असतं.

तर माझं वजनमाप असं. कोणीतरी आत होतं, यावर माझा भक्कम विश्वास, कारण बाहेरच्या कंपनीला ते दिसलं, सर्ट-इनने शॅडोपॅडचा धोका कळवला, आणि मालवेअर खोलवर पोचलं नाही असं म्हणत का होईना, हल्ले झाले हे स्वतः मंत्रीही मान्य करतात. ते चीनशी संबंधित होते, बऱ्यापैकी विश्वास. अंधार त्यांनी घडवला, यावर फार कमी विश्वास, आणि शून्य म्हणत नाही एवढ्याचसाठी की आतले लॉग मी बघितलेले नाहीत आणि बघितले त्यांनी ते मांडले नाहीत.

'बऱ्यापैकी' का म्हटलं तेही सांगतो, शंभर टक्के का नाही. शॅडोपॅड हे २०१७ मध्ये नेटसारंग नावाच्या कंपनीच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून पसरताना कॅस्परस्कीने पकडलं होतं. सुरुवातीला ते एकाच गटाचं हत्यार वाटायचं, ज्याला एपीटी४१ म्हणतात. नंतर ते चीनशी संबंधित वेगवेगळ्या अनेक गटांकडे दिसायला लागलं. म्हणजे हत्यारावरून देशाचा अंदाज बांधता येतो, पण देशातला नेमका कोण, लष्कराचा की गुप्तचर खात्याचा की कंत्राटदार, ते सांगता येत नाही. रेकॉर्डेड फ्युचरनेही रेडइकोला एपीटी४१ आणि टोंटो टीम या चीनशी संबंधित गटांशी साम्य आहे एवढं म्हटलं, तेच आहेत असं म्हटलं नाही, वेगळं नाव दिलं. हा संयम मला या अहवालात आवडला. आणि हे नेमकं कोण हे कळल्याशिवाय हेतू कळत नाही, लष्कराचा गट असेल तर युद्धाची तयारी, गुप्तचर खात्याचा असेल तर कदाचित नुसती पाहणी.

'इशारा होता' या थिअरीबद्दलही बोललं पाहिजे कारण ती सगळ्यात आकर्षक आहे. इशारा द्यायचा तर समोरच्याला कळला पाहिजे की इशारा दिला. इथे ज्याला द्यायचा त्या केंद्र सरकारने मानवी चूक म्हणून विषय मिटवला. कोणी म्हणेल आतून कळलं असेल, बाहेर वेगळं बोलले, नुकतंच फेब्रुवारीत लडाखच्या पँगाँगवरून दोन्हीकडचं सैन्य मागे घेतलं होतं, ताण वाढवायचा नव्हता. शक्य आहे. पण मग पुरावा नाही हाच पुरावा अशी परिस्थिती होते, आणि असा दावा खोडताच येत नाही, म्हणून विश्लेषणात त्याला वजन देता येत नाही. इथे प्रत्येकाचं काहीतरी गुंतलेलं होतं हेही खरं, केंद्राला दुबळं दिसायचं नव्हतं, राज्याला मेंटेनन्सची जबाबदारी जड जात होती, कंपनी गुप्तवार्ता विकूनच पैसे कमावते. पण हितसंबंध आहे म्हणून बोलणं खोटं ठरत नाही, फक्त प्रत्येकाकडून कागद मागायचा. तो कागद एका टेबलावर आलाच नाही. बाहेरचं ट्रॅफिक अमेरिकन कंपनीकडे, सर्व्हरवरचे ट्रोजन महाराष्ट्र सायबरकडे, शॅडोपॅडची माहिती सर्ट-इन आणि एनसीआयआयपीसीकडे, रिले आणि ब्रेकरच्या नोंदी महापारेषण आणि लोड डिस्पॅच सेंटरकडे. सायबरवाल्याला डिस्टन्स रिले वाचता येत नाही आणि प्रोटेक्शन इंजिनिअरला नेटवर्क लॉग वाचता येत नाही, दोघांना एका खोलीत बसवून सेकंदासेकंदाची एकच टाइमलाइन बनवली असती तर या प्रश्नाचं उत्तर मिळालं असतं. बनवली असेल तर ती लोकांना दाखवलेली नाही.

पुढे काय झालं. अहवाल छापून आल्यावर रेडइकोने आपली काही डोमेन बंद केली. ऑक्टोबर २०२१ मध्ये केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने वीज क्षेत्रासाठी सायबर सुरक्षेची मार्गदर्शक तत्त्वं काढली. आणि एप्रिल २०२२ मध्ये रेकॉर्डेड फ्युचरचा दुसरा अहवाल आला, या वेळी उत्तर भारतातली, लडाखच्या सीमेजवळची निदान सात राज्यस्तरीय लोड डिस्पॅच सेंटर, पुन्हा शॅडोपॅड, गट मात्र वेगळा, टॅग-३८ नावाचा. केंद्रीय ऊर्जामंत्री म्हणाले दोन प्रयत्न झाले, यशस्वी झाले नाहीत. या वेळी हॅकर्सनी मधले सर्व्हर म्हणून काय वापरलं माहितीये? इंटरनेटला जोडलेले सीसीटीव्ही कॅमेरे आणि त्यांचं रेकॉर्डिंग करणारे डीव्हीआर, कुठल्यातरी दुकानात, इमारतीत बसवलेले आणि हॅक झालेले. या वेळी कुठलंही शहर अंधारात गेलं नाही, म्हणून मुंबईच्या बातमीच्या निम्मीही चर्चा झाली नाही, खरं तर निशाण्यावर पुन्हा लोड डिस्पॅच सेंटरच, मालवेअर तेच, सीमेवरचा वादही तोच होता.